फ्रेंच हॉर्न
पाश्चात्त्य वाद्यवृंदातील एक पितळी सुषिर वाद्य. शिकाऱ्यांच्या शिंगापासून ते विकसित झाले. एफ स्वरातील हॉर्नची नळी सु. ३·७ मी. लांब व वर्तुळाकार गुंडाळलेली असते. तिच्या नरसाळ्यासारख्या खोल मुखिकेमुळे नाद मृदू व गंभीर होतो. वरच्या सप्तकात नळीचे नैसर्गिक स्वर परस्परांच्या अगदी निकट असतात. ओठांचा ताण किंचित चुकला तरी शेजारचा स्वर उमटतो. म्हणून वादकाला फुंकण्यापूर्वीच स्वर मनात ऐकावा लागतो.

डावा हात झडपा चालवितो, तर उजवा कर्ण्यात असतो. कर्णा हाताने कमीअधिक झाकून नैसर्गिक श्रेणीबाहेरचे स्वर काढण्याचे तंत्र ड्रेझ्डेनचा वादक हांपेल याने अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ केले. १८१४ च्या सुमारास झडपा आल्या, तरी हात कर्ण्यातच राहिला. कारण नादाचा सौम्यपणा व स्वराची अचूकता त्यावर अवलंबून असते. हात फार आत गेल्यास नाद दबतो, काढून घेतल्यास भडक होतो.

कर्णा मागे वळलेला असल्याने ध्वनी बव्हंशी मागील भिंतीवरून परावर्तित होऊन श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे नाद दूरवर पोहोचण्यास केवळ जोर पुरेसा नसतो. स्थिर श्वासप्रवाह, हाताची योग्य ठेवण व बैठकीमागील परावर्तक पृष्ठभाग यांची जोड लागते.