टाके पोटाला, व्यायाम फुप्फुसांना

पोटाच्या ऑपरेशननंतर छातीचा त्रास टाळायचा असेल, तर श्वासाचे व्यायाम आधीच शिकून घ्या.

मुलगा मानेसरला नोकरीला, म्हणून आईचे पोटाचे ऑपरेशनही तिकडेच झाले. टाके उत्तम. पण तिसऱ्या दिवशी ताप चढला, धाप लागली. टाके तुटतील या भीतीने आई खोल श्वास घेत नव्हती, खोकतही नव्हती. मुलगाही मायेने म्हणत होता, ‘‘हलू नकोस, पडून राहा.’’ असे अनेक घरांत घडते.

असे का होते?

भूल दिल्यावर श्वासपटल सैल पडते आणि फुप्फुसांच्या तळातले हवेचे बारीक फुगे मिटतात. वेदनेमुळे श्वास उथळ राहिला, तर ते उघडत नाहीत. कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ४४१ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माहितीपुस्तिका सर्वांनाच दिली होती. पण ऑपरेशनपूर्वी ज्यांना फिजिओथेरपिस्टने अर्धा तास प्रत्यक्ष शिकवले, त्यांच्यात छातीचे विकार जवळपास निम्मे झाले.

काय कराल?

• पाठीला आधार देऊन ताठ बसा. नाकाने सावकाश खोल श्वास घ्या, तीन सेकंद रोखा, तोंडाने हळूहळू सोडा. जागेपणी दर तासाला असे दहा श्वास घ्या. चक्कर आल्यास थांबा.

• टाक्यांवर उशी घट्ट दाबून खोका. त्यामुळे दुखणे कमी होते.

• तीन गोळ्यांचे यंत्र दिले असेल, तर त्यात फुंकू नका. श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात.

• वेदना सोसत बसू नका, डॉक्टरांना सांगा. त्यांच्या परवानगीने लवकर चालायला लागा.

• कपालभाती, भस्त्रिका डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यांचा ताण पोटावर येतो.

• धूम्रपान ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सोडा. हिवाळ्यात दिल्ली-मानेसरकडे धुरके दाटते. तेव्हा खिडक्या लावून घरातच व्यायाम करा.

ताप, वाढती धाप, पिवळा-हिरवा कफ, छातीत दुखणे किंवा पोटरीला सूज दिसली, तर ताबडतोब डॉक्टरांना गाठा.

भेटायला येणारे फळे आणतीलच. घरच्यांनी मात्र दर तासाला एवढेच म्हणावे, ‘‘आई, दहा श्वास घे बघू.’’