डेटा लॉगर निवडताना: पडद्यावरील दशांश आणि खरी अचूकता

बहुतेक लसी कारखान्यातून निघाल्यापासून उपकेंद्रात बाळाला टोचल्या जाईपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात आणि त्यासाठी उभारलेल्या अखंड व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. उष्णतेने लस निकामी होते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु हिपॅटायटिस-बीसारखी ॲल्युमिनियमचे क्षार असलेली लस एकदा गोठली, की तिच्यातील कण एकमेकांना चिकटतात आणि ती वितळल्यावरही पूर्ववत होत नाही. म्हणूनच सकाळ-संध्याकाळ तापमापक पाहून वहीत आकडा लिहिणे पुरेसे ठरत नाही, कारण मधल्या तासांत, विशेषतः रात्री, काय घडले याची नोंद त्यातून मिळत नाही. ही नोंद आपोआप ठेवणाऱ्या, मुठीत मावणाऱ्या यंत्राला डेटा लॉगर म्हणतात.

असे यंत्र घेताना पडद्यावर दिसणाऱ्या दशांश स्थळांची भूल पडते. यंत्र किती बारीक फरक दाखवू शकते ती त्याची सूक्ष्मता, तर दाखवलेला आकडा खऱ्या तापमानाच्या किती जवळ आहे ती त्याची अचूकता, आणि या दोन गोष्टी भिन्न आहेत. ०.०१ अंशापर्यंत वाचन देणाऱ्या यंत्राची अचूकता अधिक-उणे ०.५ अंश असेल, तर ८.०० या आकड्यामागे ७.५ ते ८.५ यांपैकी कोणतेही तापमान असू शकते.

दुसरा प्रश्न दोन नोंदींमधील अंतराचा आहे. शीतकपाटाचा कॉम्प्रेसर ठरावीक काळाने चालू-बंद होतो आणि आतील तापमान त्याबरोबर वरखाली होते. हे चक्र २० मिनिटांचे असेल आणि यंत्रही बरोबर २० मिनिटांनीच नोंद घेत असेल, तर प्रत्येक वेळी चक्राचा तोच बिंदू पकडला जाऊन तापमान स्थिर असल्याचा भास होतो. बदल जितक्या वेगाने होतो त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने नोंद घेतली पाहिजे, हा या शास्त्राचा मूलभूत नियम आहे. मात्र नोंदी वाढल्या, की स्मृतीही अधिक लागते. उदाहरणार्थ, दर १० मिनिटांनी नोंद घेतल्यास दिवसाला १४४ आणि ३० दिवसांत ४,३२० नोंदी होतात; त्यामुळे यंत्राची स्मृती आणि बॅटरी किती पुरेल, याचा हिशेब खरेदीपूर्वीच मांडता येतो.

संवेदकाची, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या घटकाची, जागाही तितकीच महत्त्वाची असते. कपाटाचे दार उघडताच आतील हवा लगेच तापते, पण कुपीतील द्रव सावकाश तापतो. म्हणून लसीचे तापमान जाणायचे असेल, तर ग्लायकॉलच्या छोट्या बाटलीत बुडवलेला संवेदक उघड्या संवेदकापेक्षा अधिक योग्य ठरतो.

तत्काळ माहिती पाठवणाऱ्या यंत्राचा लाभ असा, की हानी होण्यापूर्वीच इशारा मिळतो. भारतातील ‘ई-विन’ या व्यवस्थेत लसींच्या साठ्याबरोबर शीतकपाटांचे तापमानही दूरवरून पाहता येते. तथापि वीज गेली की मोबाइलचे जाळेही अनेकदा कोलमडते, आणि तापमानाची नोंद सर्वांत आवश्यक असते ती नेमकी त्याच वेळी. म्हणून नोंद आधी स्वतःच्या स्मृतीत जपून संपर्क येताच पाठवणारे यंत्रच निवडावे. इशारा केवळ एका मर्यादेवर नव्हे, तर मर्यादा किती काळ ओलांडली यावरही ठरला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार बनलेल्या ३० दिवसांच्या नोंदयंत्रांत ८ अंशांवर सलग १० तास, परंतु उणे ०.५ अंश किंवा त्याखाली अवघी ६० मिनिटे गेल्यास इशारा वाजतो. गोठण्याची हानी किती झटपट होते, हे या फरकातून स्पष्ट होते.

कोणताही संवेदक काळानुसार थोडाथोडा चुकू लागतो, म्हणून त्याचे अंशांकन, म्हणजे विश्वसनीय मापाशी तुलना, वेळोवेळी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्यावे लागते. प्राथमिक पडताळणी मात्र कोणत्याही केंद्रात करता येते: शुद्ध पाण्याच्या बर्फाचा चुरा थर्मासमध्ये भरून, फटी भरतील इतकेच थंड पाणी घालून ढवळावे आणि त्यात जलरोधक संवेदक बुडवावा; काही मिनिटांनी यंत्राने आपल्या अचूकतेच्या मर्यादेत शून्य अंश दाखवले पाहिजेत. या कसोटीला न उतरणारे यंत्र कितीही महाग असले, तरी त्याच्या भरवशावर लसीची कुपी वापरू नये.