संयमाची सनद

शिकागोच्या पश्चिमेस, व्हीटन नावाच्या उपनगरात, १८६० साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती कॉलेजात ज्याला शिकावयाचे असेल त्याला शुल्काबरोबर एक करारनामाही पत्करावा लागतो. आणि विवाहाबाहेरील शरीरसंबंध वर्ज्य मानणारा हा दस्तऐवज विद्यार्थ्यांइतकाच प्राध्यापकांवरही बंधनकारक असल्यामुळे, संस्थेचे चालक त्याची गणना शिस्तीच्या कलमांत न करता एका श्रद्धावान समाजाने आपखुशीने घेतलेल्या व्रतात करतात. त्यांचा हा दावा मी पोकळ मानीत नाही. ज्या संस्थेत विद्यार्थ्यांच्या नृत्यावरील बंदी उठावयास २००३ साल उजाडावे लागले, तेथे दाखल होणारा तरुण डोळे मिटून आलेला नसतो. परंतु व्रत मोडल्यावर, किंवा दुसऱ्या कोणी ते बळाने मोडविल्यावर, त्याने अथवा तिने कोणाचे दार ठोठावावे, याचा विचार अशा संस्थांतून फार उशिरा आणि बहुधा बाहेरच्या रेट्याखाली झाला, असे गेल्या तीस-पस्तीस वर्षांचे दप्तर चाळताना दिसते.

सर्व ख्रिस्ती कॉलेजांना एकाच मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. डोना फ्रेटस या विदुषींनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की कॅथलिक संस्थांतील तरुणतरुणींचे लैंगिक वर्तन धर्मनिरपेक्ष विद्यापीठांतल्यासारखेच असते, आणि धर्माचा खरा अंमल दिसतो तो इव्हॅन्जेलिकल, म्हणजे बायबलवचनालाच प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या, कॉलेजांत. कॅथलिक संस्थांत नियम नाहीत असे नव्हे. इंडियानातील नोटर डेम विद्यापीठात मुलामुलींची वसतिगृहे वेगळी असून, एकमेकांच्या खोलीत बसण्याची मुभा एरवी मध्यरात्रीपर्यंत, तर शुक्रवारी-शनिवारी दोनपर्यंत असते. शनिवारी रात्री नीतीला दोन तासांची सवलत का, हे कोणी कधी विचारले असेल तर ते माझ्या वाचनात आलेले नाही. जेझुइटांच्या बॉस्टन कॉलेजात तर काही विद्यार्थ्यांनी आपल्या खोल्यांच्या दारांवर खुणेची पाटी लावून तेथे निरोध आणि सुरक्षित संबंधांची माहितीपत्रके मोफत ठेवली होती. मार्च २०१३ मध्ये त्यांना लेखी ताकीद मिळाली की हे वाटप संस्थेच्या कॅथलिक मूल्यांशी विसंगत असून, पुन्हा तक्रार आल्यास प्रकरण शिस्तपालन कचेरीकडे जाईल.

मराठी वाचकाला हे वाचताना गिरगाव चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची इमारत आठवल्यावाचून राहणार नाही. स्कॉटिश मिशनच्या त्या कॉलेजात गणित शिकविणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. वर्गात ते गणितच शिकवीत होते, तरी बाहेरच्या या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे जुलै १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, खटले सोसले, दंड भरले. बॉस्टनच्या मुलांवर तेवढे काही गुदरले नाही, पण चालकांचा युक्तिवाद नव्वद वर्षांत फारसा बदललेला नव्हता.

इव्हॅन्जेलिकल मंडळींत संयमाला चळवळीचे रूप आले ते १९९३ साली, सदर्न बॅप्टिस्टांनी नॅशव्हिल येथून सुरू केलेल्या ‘ट्रू लव्ह वेट्स’ या उपक्रमामुळे. विवाहापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याची प्रतिज्ञा एका लहानशा कार्डावर छापलेली असे, खाली सहीपुरती रेघ; आणि पुढल्याच वर्षी जुलैत अशी दोन लाखांहून अधिक कार्डे वॉशिंग्टनच्या सरकारी हिरवळीवर जमिनीत खोचून प्रदर्शित करण्यात आली. १९९६ च्या एका अमेरिकन कायद्याने विवाहापर्यंतच्या संयमाचेच शिक्षण देण्यासाठी सालिना पाच कोटी डॉलरांची तजवीज झाली, तेव्हा जी गोष्ट चर्चच्या मंडपात होती ती सरकारी खजिन्यापर्यंत पोहोचली. मग समाजशास्त्रज्ञांनी तिचा हिशेब मांडला. पीटर बेअरमन व हॅना ब्रुकनर यांनी २००१ साली दाखविले की प्रतिज्ञा घेणाऱ्यांचा पहिला संबंध सरासरीने सुमारे अठरा महिने लांबतो, मात्र ज्या शाळेत प्रतिज्ञा करणारे अल्पसंख्य असतील तेथेच तिचा जोर टिकतो. सगळ्यांनीच शपथ घेतली की ती कोणालाच वेगळेपण देत नाही आणि तिचे तेज ओसरते. शिवाय प्रतिज्ञा मोडणारे पहिल्या प्रसंगी गर्भनिरोधक साधने वापरण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी. २००९ साली जॅनेट रोझेनबॉम यांनी प्रतिज्ञा करणाऱ्यांची तुलना, मुळात त्यांच्यासारख्याच विचारांच्या पण प्रतिज्ञा न केलेल्या तरुणांशी केली, तेव्हा पाच वर्षांनंतर दोघांच्या विवाहपूर्व वर्तनात भेद उरला नव्हता. भेद होता तो खबरदारीत, आणि तो प्रतिज्ञाधारकांच्या विरुद्ध जाणारा होता. त्यांतील ८२ टक्के लोकांनी तर आपण असे काही वचन दिलेच नव्हते म्हणून सांगितले. साधन जवळ बाळगणे म्हणजे पापाचा बेत आखणे, आणि बेत न आखता घडले तर तो केवळ मोहाचा क्षण, अशी ही मनाची गणिते असावीत असा माझा तर्क आहे.

विम्यात गर्भनिरोधक साधनांचा समावेश करण्याच्या सरकारी सक्तीवरून व्हीटनने तर २०१५ साली विद्यार्थ्यांसाठीची आरोग्यविम्याची योजनाच बंद केली. चालकांचा आक्षेप सर्व गर्भनिरोधनाला नव्हता, संबंधानंतर घ्यावयाच्या तातडीच्या गोळ्यांसारख्या साधनांना होता. पण त्या आक्षेपाची किंमत ज्याला केवळ न्यूमोनिया झाला त्या विद्यार्थ्यानेही मोजली.

सर्वांत गंभीर प्रकरणे आहेत ती मात्र वेगळीच. युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठ मॉर्मन पंथाचे आहे (मॉर्मनांना ख्रिस्ती म्हणावे की नाही हा वाद धर्मशास्त्रज्ञांवर सोपवून पुढे जाऊ). तेथील ‘ऑनर कोड’ विवाहपूर्व संबंध, मद्य, इतकेच नव्हे तर चहा-कॉफीही निषिद्ध ठरवितो. २०१६ साली काही विद्यार्थिनींनी जाहीरपणे सांगितले की अत्याचाराची फिर्याद दिल्यावर चौकशी सुरू झाली ती त्यांचीच: त्या वेळी तू तेथे का होतीस, काय प्यायली होतीस. संस्थेनेच नेमलेल्या समितीने त्याच वर्षी शिफारस केली की फिर्यादीला नियमभंगाबद्दल अभय द्यावे, आणि फिर्याद घेणारी कचेरी व शिस्तीची कचेरी एकमेकींपासून दूर हलवाव्यात. विद्यापीठाने ते मान्य केले, आणि व्रताच्या मजकुराला त्यासाठी कोठे हात लावावा लागला नाही.

इव्हॅन्जेलिकल धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी १९७१ साली व्हर्जिनियात स्थापिलेल्या लिबर्टी विद्यापीठाला हा बोध आपण होऊन झाला नाही. सरकारी चौकशीत असे निष्पन्न झाले की तेथे फिर्याद करणाऱ्या पीडितांनाच आचारसंहितेखाली शिक्षा होण्याची धास्ती असे, आणि गुन्ह्यांची नोंद ठेवण्यातही गंभीर कसूर होती. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने विद्यापीठाला एक कोटी चाळीस लाख डॉलरांचा दंड केला. आवारातील गुन्ह्यांची माहिती जाहीर करणे शिक्षणसंस्थांना बंधनकारक करणाऱ्या क्लेरी कायद्याखाली तोवर कोणत्याही शिक्षणसंस्थेस इतका मोठा दंड झालेला नव्हता.