पट्टीभर पावसाचे राजे

कंपासपेटीतली ती छोटी पट्टी काढा बरं. हो, 15 सेंटीमीटरवालीच. टेबलावर उभी धरा. आता समजा, तुमच्या गावात वर्षभरात मिळून एवढाच पाऊस पडला तर? पहिल्या सरीपासून शेवटच्या थेंबापर्यंत सगळा मिळून पट्टीभर!

जॉर्डन देशातल्या पेट्रा परिसरात साधारण एवढाच पाऊस पडतो. कधीकधी तर त्याहूनही कमी. आणि तिथेच दोन हजार वर्षांपूर्वी एका अरब टोळीने डोंगर कोरून झकास शहर वसवलं. शहरात बाग होती आणि 43 मीटर लांबीचा तलावसुद्धा! या टोळीचं नाव नबाती.

आधी मात्र नबाती लोक तंबूत राहायचे आणि उंट-मेंढ्या घेऊन वाळवंटात फिरायचे. डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने त्यांचे नियम लिहून ठेवले आहेत. धान्य पेरायचं नाही, फळझाडं लावायची नाहीत, दारू प्यायची नाही, घर बांधायचं नाही. मोडला नियम तर थेट मृत्युदंड! एवढं कडक कशासाठी? तर ज्याचं शेत आणि घर असतं, त्याला ते सोडवत नाही. मग कुणीही बलवान येतो आणि त्याला नमवतो. ज्याचं बिऱ्हाड उंटाच्या पाठीवर, त्याला कोण पकडणार?

पण उंटाच्या पाठीवर पाणी नेऊन नेऊन किती नेणार? इथेच नबातींची खरी करामत आहे. ते जमिनीखाली टाकी खोदायचे. टाक्याचं तोंड अगदी लहान, पण आत उतरावं तसं ते रुंद होत जायचं. डायोडोरस म्हणतो, तळाशी एकेक बाजू जवळजवळ 30 मीटर! टाकं भरलं की तोंड बुजवून जमीन सारखी करायची आणि जवळ एक खूण ठेवायची. ती खूण फक्त नबातींनाच कळायची. म्हणजे शत्रू पाण्यावर उभा राहूनही तहानलेलाच!

इ.स.पू. 312 मध्ये सिकंदराचा एक सेनापती, अँटिगोनस, याने नबातींवर फौज पाठवली. पुरुषमंडळी बाजाराला गेली होती. तेवढ्यात सैनिकांनी चांदी, लोबान आणि हिराबोळ लुटून पळ काढला. लोबान आणि हिराबोळ म्हणजे झाडांचे सुगंधी डिंक. नबाती व्यापारी ते दक्षिण अरबस्तानातून उंटांवरून आणून विकायचे. नबातींनी लुटारूंचा माग काढला, रात्री झोपेतच गाठलं आणि जवळजवळ सगळी फौज कापून काढली.

व्यापारातून पैसा आला, तशी टोळी हळूहळू पेट्रात स्थिरावली. घरं आली, शेतं आली, राजेही आले. त्यांतला सर्वांत नावाजलेला राजा चौथा हारिथत. इ.स.पू. 9 ते इ.स. 40 इतका काळ त्याने राज्य केलं. 'आपल्या लोकांवर प्रेम करणारा' असं बिरुद तो लावायचा. त्याच्या नाण्यांवर शेजारी राणी शकीलतचा चेहराही दिसतो.

पेट्रात शिरायला सीक नावाची 1.2 किलोमीटर लांब, अरुंद घळ आहे. तिच्या भिंतींच्या कडेने नबातींनी पाण्याचे पाट कोरले आणि खापराचे नळ बसवले. ऐन मूसा झऱ्याचं पाणी त्यांतून शहरात यायचं. वाटेत छोटे हौद होते. तिथे पाणी थबकलं की गाळ तळाशी बसायचा. पाऊस क्वचित येई, पण आला की लोंढाच! तो घळीत घुसू नये म्हणून तोंडाशी बांध घातला आणि खडकात बोगदा खोदून पाणी दुसरीकडे वळवलं. एकेकाळी पाणी लपवणारी टोळी आता तलाव बांधून पाणी मिरवू लागली होती!

इ.स. 106 मध्ये रोमचा सम्राट ट्राजन याने नबातींचं राज्य आपल्या साम्राज्यात जोडून घेतलं. राज्य गेलं, पण अक्षरं उरली. आजची अरबी लिपी नबाती लिपीतूनच घडत गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पेट्रातल्या 'खजना' (म्हणजे खजिना) नावाच्या कोरीव वास्तूच्या माथ्यावर एक दगडी कलश आहे. त्यात सोनं असेल म्हणून पुढच्या काळात लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या. कलश निघाला भरीव! खरा खजिना तर खाली, पाटांतून वाहून गेला होता.

आता तुमचं काम. एक ताट घ्या, एक निमुळत्या तोंडाची बाटली घ्या. दोन्हींत एकेक पेला पाणी ओता आणि उन्हात ठेवा. ताटात पाणी पसरतं, उन्हावाऱ्याला मोकळं सापडतं आणि भराभर वाफ होऊन उडतं. बाटलीत वारा शिरत नाही, दमट हवा आतच कोंडून राहते. संध्याकाळी दोन्हींतलं पाणी मोजा. म्हणजे टाक्याचं तोंड एवढंसं का ठेवायचे, ते तुम्हीच आम्हाला सांगाल!