शरीरातच तयार होणारं टेस्टोस्टेरॉन, मग चोरी पकडायची कशी?

शिरूर/दौंड : यात्रांचे फड सुरू झाले की तालमीतल्या पोरांत इंजेक्शनची कुजबुज होतेच. गावच्या आखाड्यात लघवीचा नमुना कुणी मागत नाही. पण पोरगं राष्ट्रीय स्पर्धेत गेलं की गाठ ‘नाडा’शी पडते.

तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव आठवत असेल. २०१६ मध्ये त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन सापडलं. जेवणात कुणीतरी कालवलं, असं त्याचं म्हणणं. नाडानं ते मानलं, पण रिओत कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. मेथॅन्डिएनोन शरीर बनवत नाही, त्यामुळं सापडलं की विषय संपला. टेस्टोस्टेरॉनचं तसं नाही. ते तर प्रत्येकाच्या अंगात असतंच.

म्हणून लघवीत टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचं प्रमाण बघतात. बहुतेकांत ते एकास एकच्या आसपास असतं, चारास एकच्या वर गेलं की संशय. इथंच गोची आहे. काहींच्या अंगात एक जनुकच नसतं, त्यांच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन फार कमी उतरतं. असा माणूस इंजेक्शन घेऊनही चारच्या खाली राहू शकतो. उलट एखाद्याचं प्रमाण मुळातच जास्त असतं.

मग कार्बनची तपासणी. ही आपल्या शेतकऱ्याला लगेच कळंल. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांच्यात जड कार्बन थोडा जास्त असतो. सोयाबीन, गहू, भातात कमी. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं, तर अंगातलं आपण खातो त्या सगळ्या अन्नातून. हा फरक यंत्र दाखवतं. मधात मिसळलेली उसाची साखरही अशीच पकडतात. पण तपासणी महागडी, वेळखाऊ, आणि काही औषधांचा कार्बन माणसाच्या कार्बनशी जुळतो. जेल लावलं असेल तर खुणा लवकर पुसतात.

२०१४ पासून खेळाडूचे आधीचे आकडे नोंदवून त्याची तुलना त्याच्याशीच करतात. पद्धत चांगली, पण त्यासाठी वारंवार नमुने लागतात, आणि आपली पोरं त्या यादीत येतात ती नाव झाल्यावर. दिल्लीची प्रयोगशाळाही ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२१ निलंबित होती, नमुने परदेशी पाठवावे लागले.

तपासणीतून सुटलेल्याचं शरीर मात्र सुटत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की अंगातलं बनणं मंदावतं आणि शुक्राणू घटतात. वस्तादांनी आणि घरच्यांनी पोराच्या बॅगेतल्या डब्याचं लेबल एकदा तरी वाचावं. डब्यात काय निघालं याची जबाबदारी नियमानं खेळाडूचीच धरतात, दुकानदाराची नाही.