ध्येय, धीर आणि परिमाण

दिवाळीच्या अमावास्येस सुरतेच्या पेढ्यापेढ्यांतून चोपडापूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, 'शुभ' आणि 'लाभ' हे दोन शब्द लिहिले जातात आणि लाभपंचमीस व्यवहार पुन्हा सुरू होतो. त्या दिवशी उत्साहाची वाण कोणासही नसते. यंदा उधारी निम्म्यावर आणावयाची, मुलाच्या उच्च शिक्षणाची तरतूद करावयाची, भाड्याचे घर सोडून स्वतःच्या घरात जावयाचे, असे संकल्प घरोघर होतात. परंतु होळी जवळ येते तोवर त्यांपैकी किती संकल्प जिवंत असतात? वहीची पाने भरत जातात; पहिल्या पानाकडे मात्र कोणी परत वळून पाहत नाही. संकल्प का विरतो आणि तो टिकावा कसा, याचा विचार आपल्या व्यापारी समाजाने अवश्य केला पाहिजे. भांडवल बुडाले तर ते पुन्हा उभे करता येते; पण उमेद बुडाली म्हणजे भांडवल असूनही पेढी चालत नाही.

सामान्यतः या दोषाचे खापर आळसावर फोडले जाते. मला ते पटत नाही. सकाळपासून रात्री नऊपर्यंत दुकानात उभा राहणारा मनुष्य आळशी कसा म्हणावा? खरी उणीव निराळीच आहे. गिऱ्हाईक 'थोडे कापड द्या' म्हणाले तर आपण लगेच विचारतो, किती मीटर, कोणत्या भावाचे आणि केव्हा हवे? स्वतःच्या आयुष्याचा व्यवहार करताना मात्र 'आणखी थोडे मिळवावे' एवढ्यावर आपले समाधान होते. 'आणखी' हा काही आकडा नव्हे. क्षितिजाच्या रोखाने चालणाऱ्यास दोन कोस चालून झाल्यावरही क्षितिज तेवढेच दूर दिसते, आणि मग पाय थकण्यापूर्वी त्याचे मन थकते.

आपल्या पूर्वाचार्यांनी या गोष्टीचा विचार फार पूर्वी केलेला आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. त्याकडे आपण केवळ त्यागाच्या दृष्टीने पाहतो. परंतु व्यवहाराचेही मर्म त्यात साठविलेले आहे. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. त्याचे चार कोटी द्रव्य ठेवीत होते, चार कोटी व्यापारात होते आणि चार कोटी घरसंसाराच्या साधनसामग्रीत गुंतलेले होते. भगवान महावीरांपाशी व्रत घेताना त्याने दरिद्री होण्याची प्रतिज्ञा केली नाही. जेवढे आहे तेवढ्यावर त्याने रेघ ओढली. शेतजमीन, गाड्या, वस्त्रे, अन्नपान यांचीही मोजदाद करून ठेवली. आजचा कोणीही हिशेबनीस ही विभागणी पाहून मान डोलावील. संकटासाठी ठेव वेगळी, धंद्याचे भांडवल वेगळे, घरखर्च वेगळा. आणि तिहींनाही आकडा. आपले किती आहे आणि आपल्याला किती पुरे आहे, हे ज्याला ठाऊक असते त्याचे मन डळमळत नाही.

आधुनिक शास्त्रही याहून फारसे निराळे सांगत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, 'शक्य तेवढे चांगले करा' असे सांगितलेल्या माणसापेक्षा निश्चित आणि थोडे कठीण उद्दिष्ट दिलेला मनुष्य अधिक काम करतो. शास्त्रज्ञांनी प्रयोगान्ती सांगितलेली ही गोष्ट आपल्या घरी व्रताच्या रूपाने आधीपासून नांदत होती, एवढेच.

तथापि आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे. तो कशासाठी, हेही ठरले पाहिजे. या बाबतीत सुरतेचेच दोन सुपुत्र आपल्याला बरेच काही शिकवून जातात.

पहिले शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी. त्यांचा जन्म १८५१ साली सुरतेत झाला. ते आपल्या बंधूंसह मुंबईस गेले. मोती ओवण्याच्या बारीक कामापासून त्यांनी आरंभ केला आणि पुढे जवाहिराच्या व्यापारात मोठे नाव मिळविले. मोती ओवणाऱ्याचे काम पाहिले असेल त्यास ठाऊक आहे की, तेथे घाई उपयोगाची नाही. एकेक दाणा पारखावा, तोलावा, जोडीस जोड लावावी, तेव्हा सर होतो. हीच वृत्ती माणिकचंदांच्या पुढील आयुष्यात दिसते. मुंबईत त्यांनी आपल्या वडिलांच्या नावे जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, हिराबाग धर्मशाळा बांधली आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगला साहाय्य केले. याच कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या गरीब मुलांसाठी शाळांची दारे उघडली. माणिकचंदांची कन्या मगनबाई यांनी स्त्रीशिक्षणास वाहून घेऊन मुंबईत श्राविकाश्रम चालविला. १९१४ साली माणिकचंद निवर्तले. मिळविणे हा त्यांच्या लेखी मार्ग होता, मुक्काम नव्हता. आणि ज्याचा मुक्काम ठरलेला असतो त्याला रोजच्या वाटेचा कंटाळा येत नाही.

दुसरे शेठ प्रेमचंद रायचंद. यांचाही जन्म सुरतेतला, १८३१ चा. इंग्रजी लिहिता-बोलता येणारे पहिले हिंदी दलाल म्हणून मुंबईच्या बाजारात त्यांची ख्याती झाली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. रोज नवी बँक, नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे शेअर तर हातोहात चढू लागले. त्या सर्व उलाढालींच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस मुंबईच्या बाजारास काळा दिवस ठरला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांवर आला. शेकडो घरे धुळीस मिळाली आणि खुद्द प्रेमचंदांचेही दिवाळे वाजले. त्यांच्या बुद्धीविषयी किंवा उद्योगाविषयी कोणास शंका नव्हती. उणीव होती ती कोठे थांबावे हे सांगणाऱ्या रेघेची. आणि ती उणीव त्या वेळी साऱ्या शहराचीच होती.

परंतु या कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. भरतीच्या त्या दिवसांत, १८६४ मध्ये, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. १८६९ ते १८७८ या काळात तो मनोरा उभा राहिला आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावे 'राजाबाई टॉवर' म्हणून प्रसिद्धीस आला. मातोश्रींची दृष्टी गेलेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळता यावा म्हणून त्यांना घड्याळाच्या टोल्यांचा आधार होता, अशी आख्यायिका सांगतात. कलकत्ता विद्यापीठातही त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे त्या अफाट संपत्तीतील जी रक्कम मोजून, हेतू ठरवून बाजूला काढली गेली, ती आजही दगडाच्या रूपाने उभी आहे; आणि जी केवळ 'आणखी' म्हणून बाजारात राहिली, ती वाहून गेली. प्रेमचंद मात्र खचले नाहीत. ते पुन्हा दलालीत उतरले आणि १८७५ साली मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संघटना स्थापन केली, तेव्हा तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव होते. १९०६ साली त्यांचे निधन झाले. पडणे हा त्यांच्या चरित्राचा शेवट नव्हता, हे आपण ध्यानी ठेवले पाहिजे.

सुरत नगरीलाही पडण्याची आणि उठण्याची सवय आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची स्वारी झाली तेव्हा आपले वीरजी व्होरा यांची हवेली लुटली गेली; परंतु त्यांचा व्यापार दूरदूरच्या शहरांत विखुरलेला असल्यामुळे त्याच वर्षअखेरीस ते मोठ्या सौद्यांस पुन्हा सिद्ध होते. १८३७ ची आग, १९९४ ची प्लेगची साथ आणि २००६ चा तापीचा पूर या आपत्तींतूनही शहर सावरले.

या पुराचा एक घरचा प्रसंग सांगतो. माझे वडील खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस आले आणि कापडाच्या दलालीत रमले; पुढे मी तळमजल्यावर लहानसे दुकान घेतले. स्वतःच्या घरासाठी आम्ही एका वहीच्या पहिल्या पानावर रक्कम आणि साल लिहून ठेवले होते. मुदत संपावयास दोनच वर्षे उरली होती. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले. पाणी ओसरल्यावर शटर वर केले, तो गुडघाभर चिखल. दिवाळीसाठी भरलेला माल वजनावर विकावा लागला. त्या रात्री मी ती वही काढली आणि ते पान फाडू लागलो. माझ्या पत्नीने हात धरला. ती म्हणाली, "आकडा खोडू नका. तारीख तेवढी बदला."

आम्ही तारीख पाच वर्षे पुढे नेली. व्यापाऱ्यांची देणी प्रथम, दुकानाचा माल नंतर, घर सर्वांत शेवटी, असे तीन टप्पे त्याच पानावर लिहिले. पहिले देणे फिटले त्या संध्याकाळी आम्ही त्यापुढे खूण केली, आणि गेलेली उमेद परत येत असल्याचे मला प्रथम जाणवले. घर २०११ मध्ये झाले. उमेद आधी येते आणि काम मागून होते असे आपण समजतो. माझा अनुभव असा की, पुष्कळदा लहानसे काम आधी होते आणि उमेद त्याच्या मागून येते.

हे सांगण्यास आजच्या परिस्थितीने अधिक अर्थ आला आहे. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पाडणारे आपले शहर. परंतु २०२२ नंतर परदेशी मागणी उतरली, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी भावावर ताण आणला आणि अनेक कारखान्यांतील काम कमी झाले. अशा वेळी तरुण मुले खिन्न होतात. शेजाऱ्याच्या मुलाने नवी मोटार घेतली, मित्राचा विवाह थाटात झाला, हे पाहून स्वतःस नालायक ठरवितात. त्यांस माझे सांगणे एवढेच की, बाजारभाव तुमच्या हाती नाही. पण रोज किती ग्राहकांकडे जावयाचे, कोणते नवे काम शिकावयाचे, उत्पन्नातून किती बाजूला टाकावयाचे, हे तुमच्या हाती आहे. जे हाती आहे त्याचेच ध्येय करावे. शेजाऱ्याची खतावणी आपल्या वहीत उतरविणारा मुनीम आपण ठेवणार नाही. मग शेजाऱ्याचे राहणीमान आपल्या संकल्पात का उतरवावे?

तेव्हा यंदाच्या चोपडापूजनास घरातील एका साध्या वहीचेही पूजन करावे, अशी माझी सभासद बंधुभगिनींस विनंती आहे. तिच्या पहिल्या पानावर चारच ओळी असाव्यात : रक्कम किती, मुदत कोणती, कशासाठी, आणि कोठे थांबावयाचे. या ओळी पतिपत्नींनी मिळून लिहाव्यात, आणि जाणत्या मुलांना दाखवाव्यात; ज्यांना काटकसर करावयाची आहे त्यांनाच तिचा हेतू ठाऊक नसेल, तर घरात कुरबुर होणारच. मोठ्या रकमेचे महिन्यामहिन्यांचे भाग पाडावेत. आपण दर पंधरवड्यास पाक्षिक प्रतिक्रमण करतो. त्याच दिवशी पाच मिनिटे या पानासाठी द्यावीत. चुकले असेल तर स्वतःस दूषणे देत बसू नये. चूक नोंदवावी, तिचे कारण लिहावे आणि पुढील पंधरवड्याचा आकडा मांडावा. रोजमेळ जुळला नाही म्हणून कोणी पेढी बंद करीत नाही.

आणि चौथी ओळ कोरी ठेवू नये. पहिल्या तीन ओळींनी मनुष्य चालू लागतो. चौथीमुळे त्याला पोहोचल्याचे समाधान मिळते. ज्या दिवशी ठरलेला आकडा पुरा होईल, त्या दिवशी तो घाईने वाढवू नये. घरातील मंडळींसह बसून प्रथम एवढेच विचारावे की, यापुढचे मिळविणे कोणासाठी? माणिकचंदांनी त्या प्रश्नाचे उत्तर वसतिगृहांच्या रूपाने दिले. आपले उत्तर लहान असेल. एखाद्या होतकरू मुलाची फी, एखाद्या विधवा भगिनीच्या शिवणयंत्राची किंमत. पण ते उत्तर पहिल्या पानावर लिहिलेले असावे, म्हणजे होळी आली तरी त्या पानावरचे कुंकू फिके पडणार नाही.