फ्रान्सचा फँटॅक्स

सुपरहिरो म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर सुपरमॅन नाहीतर स्पायडरमॅन, बस्स! मला मात्र फ्रान्सचा फँटॅक्स आवडतो. १९४६ साली तो ल्यों शहरात जन्मला. गोष्टी मार्सेल नावारोच्या, चित्रं पिएर मूशोची. चित्रांवर सही ‘शोत’. मुखवटेवाला हा हिरो मारामारीत भलताच दणकट! पण १९४९ मध्ये फ्रान्समध्ये मुलांच्या मासिकांसाठी कायदा आला. चोरी, खोटेपणा, इतकंच काय, आळससुद्धा चांगला म्हणून दाखवायचा नाही! (आपलं काय झालं असतं?) त्याच वर्षी फँटॅक्स बंद पडला. मूशोवर खटला भरला गेला आणि तो वर्षानुवर्षं चालला. नावारोने १९५० मध्ये सोबत्याबरोबर ‘लुग’ प्रकाशन काढलं. १९६९ मध्ये त्याच लुगने ‘फँटास्क’मधून फ्रेंच पोरांच्या हातात स्पायडरमॅन दिला. कायद्याने मासिक बंद पडतं, पोरांची आवड नाही!